अनाथोथचं शेत, सतरा शेकेल

कुणाला नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करायचं असतं. कुणाला पुण्यातलं बिऱ्हाड आवरून गावी परतायचं असतं, तर कुणाला पन्नाशीला पाळकाचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत जायचं असतं. मंडळीत हा विषय काढला की उत्तरं साधारण दोनच येतात. एक, "विश्वासाने पाऊल टाक, प्रभू पुरवेल." दुसरं, "चाललंय ते बरं चाललंय, पाठीशी संसार आहे." दोन्ही मायेपोटी दिलेली असतात. पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते दोन्हींत नसतं, म्हणून विचारणारा जसा आला तसाच घरी जातो.

मला ते बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३२ व्या अध्यायात सापडतं. हा अध्याय सावकाश वाचावा, खरेदीखत वाचतात तसा.

सिद्कीया राजाचं दहावं वर्ष चालू आहे आणि यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. शहर पडणार असं उघड सांगितल्यामुळे यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे, नातलग म्हणून सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून ईशान्येला चार-पाच किलोमीटरवर, म्हणजे तटाबाहेर, शत्रूच्या बाजूला. त्याच गावच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर कट केला होता. ताबा मिळायची शक्यता नाही आणि घेणारा स्वतः अटकेत. तरीही तो शेत घेतो.

आणि घेतो कसं ते बघा. किंमत सतरा शेकेल चांदी. नाण्यांचा व्यवहार नव्हता, चांदी तराजूत तोलून द्यायची. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे सगळी मिळून दोनशे ग्रॅमला थोडी कमी. यिर्मया खत लिहितो, सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार बोलावतो. खताच्या प्रती दोन, एक मोहरबंद आणि एक उघडी. उघडी कधीही काढून बघायला, आणि तिच्यात कुणी खाडाखोड केली तर ताडून बघायला मोहरबंद. पुढच्या काळातली अशी दुहेरी खतं मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडली आहेत. दोन्ही प्रती तो चौकात बसलेल्या सगळ्यांच्या देखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. आपल्याकडे सातबारा आणि खरेदीखत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवतात, तसंच हे.

त्या शेताचं पुढे काही होईल असं तिथे फक्त एका माणसाला वाटत होतं, आणि कागदाची एवढी काळजीही त्यानेच घेतली. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच. विश्वासाने धोका पत्करायचा तर वजन, साक्षीदार आणि मडकं, तिन्ही लागतात.

त्यातली एक ओळ सहज नजरेतून सुटते. हनामेल येणार हे यिर्मयाला आधीच कळलं होतं. पण तो प्रत्यक्ष येऊन तेच शब्द बोलला तेव्हा यिर्मया म्हणतो, हे परमेश्वराचं वचन आहे हे मी ओळखलं. म्हणजे संदेष्ट्यालाही खात्री नंतर पटली. आपण मात्र "प्रभूने मला सांगितलं" असं पहिल्याच दिवशी जाहीर करतो, आणि त्यानंतर घरच्यांना बोलायला जागा राहत नाही. प्रभूनेच सांगितलंय म्हटल्यावर हिशेबाचा प्रश्न विचारणारा आपोआप अविश्वासू ठरतो. त्याऐवजी "मला असं वाटतंय, तुम्हीही प्रार्थनेत ठेवा" असं म्हणावं. शब्दांत फरक थोडा आहे, पण घर आपल्या बाजूने राहतं.

मार्गदर्शन शोधताना चुका ठरावीक होतात. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, ही पहिली. मंदिराच्या शिरोभागावर येशूला "खाली उडी टाक" म्हणणाऱ्या सैतानाच्या तोंडीसुद्धा वचनच होतं, ९१ व्या स्तोत्रातलं. एक ओळ सुटी काढली की ती कुठल्याही उडीला जोडता येते, म्हणून निदान तो अख्खा अध्याय वाचावा. दुसरी चूक गिदोनाच्या लोकरीची. त्याने रात्री लोकर बाहेर ठेवून तिच्यावरच्या दवाची खूण देवाकडे मागितली होती. "उद्या फोन आला तर होय, नाही आला तर नाही" अशी खूण मागायची आणि मनासारखी मिळाली नाही की दुसरी मागायची. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर त्याच्या भीतीतून आली. देवाने त्याला समजून घेतलं, पण निर्णयाची पद्धत म्हणून ती शिकवलेली नाही. तिसरी चूक म्हणजे दार उघडलं की तीच देवाची इच्छा असं धरून चालणं. देवाने निनवेला जायला सांगितलं असताना योना उलट दिशेला तार्शीशला पळाला तेव्हा यापोच्या बंदरात त्याला जहाज तयारच मिळालं होतं.

मग ओळखायचं कसं? इथे इग्नेशियस लोयोलाची पद्धत मला सगळ्यांत उपयोगी वाटते. तो कॅथलिक संत असला तरी प्रॉटेस्टंट घरातही ती वापरायला काही अडचण नाही. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन् महिने खाटेवर पडून होता. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा, दरबारी पराक्रमाची आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्हींत गोडी वाटे. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. त्याने हा नंतरचा फरक पकडला, आणि त्याची पुढची सगळी साधना त्यावर उभी आहे.

आपण ते असं करू शकतो. शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर निर्णय एका वाक्यात लिहावा, क्रियापद आणि तारखेसकट. "प्रभूसाठी काहीतरी करायचंय" हा निर्णय होत नाही. "३१ मार्चला राजीनामा देऊन एप्रिलपासून गावी शिकवणी सुरू करणार" हा होतो. मग सहा आठवडे रोज रात्री पंधरा मिनिटं बसावं. एक दिवस "हे करणार" असं धरून चालावं, दुसऱ्या दिवशी "हे करणार नाही" असं. प्रार्थनेच्या वेळी काय वाटलं ते लिहू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मन कसं होतं ते लिहावं. प्रत्येक दिवसाची एकच ओळ पुरे. दोन-तीन आठवड्यांत ओळी आपसूक एकीकडे झुकू लागतात. झुकल्याच नाहीत, तर तोही निरोपच समजावा आणि थांबावं.

इग्नेशियसचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. मन उदास आणि कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. साहेबाशी भांडण झालं त्या रात्री राजीनामा लिहायचा नाही. उलट बाजूनेही तो सावध करतो. उत्साहाच्या भरात नवस-वचनं देऊन बसू नये. म्हणून कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री, गाणी आणि साक्षी ऐकून डोळे भरलेले असताना घेतलेला निर्णय वहीत लिहावा, पण निदान महिनाभर कुणाला सांगू नये. आणि तरीही अडलंच, तर आपल्याच परिस्थितीत असलेला एक अनोळखी माणूस डोळ्यांसमोर आणावा आणि त्याला काय सांगू ते लिहून काढावं. ही युक्तीही त्याचीच.

प्रार्थनेचा काळ संपला की बायबलमधला नहेम्या घ्यावा, पारसाच्या राजाच्या दरबारातला यहूदी सेवक. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव या यहूदी महिन्यात कळली आणि राजापुढे तो विषय निघाला नीसान महिन्यात, मध्ये चार महिने. पण राजाने "काय मागतोस?" विचारल्यावर त्याने घटकेची प्रार्थना केली आणि यादीच काढली. किती दिवसांची रजा ते सांगितलं. वाटेतल्या सुभेदारांना पत्रं मागितली. वेशींच्या तुळयांसाठी लाकूड हवं म्हणून राजाच्या वनरक्षकाला, आसाफाला, वेगळं पत्र मागितलं. चार महिने तो नुसता रडत बसला नव्हता हे त्या यादीवरून कळतं. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस गप्प राहिला, मग रात्री मोजकी माणसं आणि बसायला एकच जनावर घेऊन पडझड बघायला निघाला. एका जागी तर दगडामातीतून जनावर पुढे जाईना. काम बावन्न दिवसांत उरकलं ते या रात्रीच्या फेरीमुळे, असं माझं मत.

आपली रात्रीची फेरी म्हणजे बँकेचं पासबुक. येशूनेच सांगितलंय, बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. हा अंदाज एका महिन्यावरून काढला की हमखास चुकतो, कारण जूनमधली शाळेची फी, नाताळ आणि विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच येतात. बारा महिन्यांची स्टेटमेंट घ्या, सगळा खर्च जोडा, बाराने भागा. महिन्याला ४०,००० निघाले तर नऊ महिन्यांचे ३,६०,००० बाजूला हवेत. सहा महिने कमी पडतात, कारण नव्या कामाचे पैसे सुरुवातीला ठरल्यापेक्षा उशिराच हातात येतात. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढावी. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुधा काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ही एक ओळ राजीनाम्याची तारीख बदलू शकते. पीएफला हात लावायचा असेल तर सलग पाच वर्षांची सेवा झालीय का बघावं, नाहीतर काढलेल्या रकमेवर कर बसतो.

दशांशाचंही, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या भागाचंही, आधी ठरवा. पगारातून दहावा भाग काढायची सवय असलेला माणूस धंद्यातही गल्ल्यातून दहावा भाग काढतो आणि अडचणीत येतो. महिन्याची विक्री एक लाख, सगळा खर्च जाऊन उरले पंधरा हजार. विक्रीवर दशांश दिला तर दहा हजार गेले, घराला उरले पाच. देणं खुशीचं राहावं असं वाटत असेल तर ते उरलेल्या पंधरा हजारांवर मोजावं, आणि पुढे वाढवायचं झालं तर तिथून वाढवावं.

पण सगळ्यांत मोठी किंमत पासबुकात दिसत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाने. त्या मधल्या वर्षांत त्यांनी काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. टिळकांच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आज कुणी घरात न सांगता असं पाऊल उचलणार असेल तर त्याने आधी लक्ष्मीबाईंचं म्हणणं वाचावं. वहीतल्या सहा आठवड्यांपैकी निदान तीन आठवडे नवरा-बायकोने आपापली वही वेगळी ठेवावी आणि शेवटी समोरासमोर बसून वाचावी. तिचं सोनं गहाण ठेवून विश्वासाचं पाऊल टाकू नये, तिने स्वतःहून देऊ केलं तरी पहिल्या वर्षी नको. आणि दोन साक्षीदार शोधावेत. एक पाळकसाहेब किंवा फादर, दुसरा आकडे कळणारा आणि आपल्याला तोंडावर "नाही" म्हणू शकणारा. दुसरा मंडळीबाहेरचा असला तरी चालेल.

शेताची गोष्ट महाराष्ट्रातही घडलीय. पंडिता रमाबाईंच्या, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनला अमेरिकेतल्या मंडळींनी कबूल केलेली मदत दहा वर्षांची होती. ती कधीतरी संपणार हे लक्षात घेऊन बाईंनी केडगावला, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं असा बेत होता. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, आणि पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना. तेव्हा त्या सगळ्यांना नेलं केडगावच्या त्याच जमिनीवर. मुक्ती मिशन तिथेच उभं राहिलं. जमीन घेतली होती फळांसाठी. पण घेतलेली होती, विहिरींची सोय होती, जवळ रेल्वे होती, म्हणून ऐन वेळी उपयोगाला आली.

निर्णय झाल्यावरचं एक राहिलं. सगळं नीट करूनही दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोप उडते आणि आपण चुकलो असं वाटतं. पुष्कळ जण इथे डगमगतात, कारण निर्णय देवाचा असता तर शांती नसती का वाटली, असं त्यांच्या मनात येतं. यिर्मयाने खत बारूखच्या हाती दिलं आणि त्यानंतर प्रार्थना केली. ती लांबलचक आहे, आकाश-पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरू होते आणि शेवटी जवळजवळ तक्रारीवर येते: तटाला मोर्चे भिडलेत, शहर चाललंय शत्रूच्या हातात, आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे! ते शेत त्याने कधी पेरल्याची नोंद नाही. पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून ठेवा. एक सहा महिन्यांनंतरच्या तारखेची, त्या दिवशी दोन्ही साक्षीदारांना घरी जेवायला बोलवा आणि पुन्हा आकडे मांडा. दुसरी ओळ थांबण्याची, "बाजूला ठेवलेल्या रकमेतले १,२०,००० उरले की परत नोकरी शोधायला लागायचं." मग त्या पानाचा फोटो काढून साक्षीदारांना पाठवा. वही तुमच्याकडे, फोटो त्यांच्याकडे.