ब्रीजोगला बुडवायचे कधी?

आयर्लंडमधल्या शाळांत वसंत ऋतू १ फेब्रुवारीला सुरू होतो. मुले घरून निघतात तेव्हा जेमतेम उजाडत असते, गवतावर दव गोठलेले असते आणि हवामान खाते वसंताची गणती १ मार्चपासून करते. तरीही त्या दिवशी फळ्यावर ‘वसंताचा पहिला दिवस’ असेच लिहिले जाते. यामागे वर्षाचे चार सांधे मानणारी जुनी कालगणना आहे : १ नोव्हेंबरला साऊन, १ फेब्रुवारीला इम्बोल्क, १ मे रोजी ब्याल्टना आणि १ ऑगस्टला लूनसा. यांतली तीन नावे आयरिश भाषेत आजही महिन्यांची नावे म्हणून चालतात. इम्बोल्क हे नाव मात्र मागे पडले आणि तो दिवस संत ब्रिजिड, म्हणजे आयरिश उच्चारात ब्रीज, हिच्या नावावर जमा झाला. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली असून स्त्रीच्या नावाने असलेली ही त्या देशातली पहिलीच सुट्टी आहे.

मी किल्डेअर काउंटीत, लिफी नदीकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत संगीत आणि हस्तकला शिकवते. ब्रिजिडचा मठ याच काउंटीत होता, त्यामुळे इथे हा सण टाळून चालत नाही. माझ्या वर्गातली मुले सात-आठ वर्षांची आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरांतून पोलिश, पोर्तुगीज, मल्याळम अशा भाषा बोलल्या जातात. अशा वर्गाला ‘प्राचीन केल्टिक परंपरा’ या मथळ्याखाली काहीतरी गूढ वातावरण तयार करून देणे मला पसंत नाही. दुकानांतून या नावाने जे विकले जाते त्यात धुके फार आणि माहिती थोडी असते. माझा भर मुलांच्या हातांवर आणि श्वासावर असतो, कारण या प्रथा टिकल्या त्याही हातांनी आणि गाण्यावाजवण्यानेच.

त्या दिवशी सकाळी पहिले काम होते ते लव्हाळ्याचे क्रूस विणण्याचे. ओलसर माळावर उगवणारे हे लव्हाळे कापायचे नसतात, मुळापाशी धरून उपटायचे असतात, अशी रीत आहे. ताजी काडी बुंध्याशी पांढरी असते आणि नखाने सोलली तर आतून स्पंजासारखा मऊ गर निघतो. पूर्वी हाच गर चरबीत बुडवून दिव्याची वात म्हणून वापरत. एक काडी उभी धरायची, दुसरी बरोबर मध्यावर दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची, अंगठ्याने घट्ट दाबायचे आणि सगळे एक चतुर्थांश फिरवायचे. मग पुढची काडी. फिरवण्याची दिशा शेवटपर्यंत एकच राहिली पाहिजे, नाहीतर मधला चौकोन सुटतो. डावखुऱ्या मुलांचा क्रूस उलट दिशेने फिरतो आणि आरशातल्या प्रतिमेसारखा दिसतो. तो तसाच राहू द्यावा असे माझे मत आहे, कारण विणीच्या मजबुतीला त्याने काहीच बाधा येत नाही. शेवटी चारही टोके दोऱ्याने बांधायची आणि कात्रीने सारखी करायची. असा क्रूस घराच्या दारावर किंवा आढ्याला लावला म्हणजे आगीपासून रक्षण होते, अशी समजूत होती.

मुलांचा एरवी गोंधळ होतो तो या फिरवण्यातच, आणि तिथे मी टिन व्हिसल काढते. सहा भोकांची ही छोटी बासरी इथे असंख्य मुले शाळेतच शिकतात. जिग या नृत्यप्रकाराची चाल सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन भागांची असते; आपल्याकडे ज्याने दादरा ऐकला आहे त्याला ती चटकन उमगेल. तिचा ठेका लक्षात ठेवण्यासाठी इथल्या वर्गांत ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ असे म्हणण्याची पद्धत आहे. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला दिवसभर डुकराच्या मांसाचा जप करावा लागतो ही गोष्ट निराळी, पण ठेका बसतो हे खरे. दुमडा, दाबा, फिरवा, याही तीनच क्रिया आहेत; चार बाजू पूर्ण झाल्या की जिगची दोन आवर्तने पूर्ण होतात. मी वाजवत राहिले आणि एक मुलगा बाउरानवर, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर, छोट्या काठीने ठेका धरून राहिला. थोड्याच वेळात ज्यांना कागदावरचे सहाचे गणित कधीच समजले नव्हते ती मुलेही न मोजता क्रूस फिरवू लागली.

क्रूस झाले आणि आम्ही ब्रीजोगकडे वळलो. ब्रीजोग म्हणजे ब्रीजची बाहुली. पूर्वी काही ठिकाणी लोणी काढण्याच्या रवीच्या दांड्यालाच पेंढा बांधून आणि जुने कपडे नेसवून ती करत आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी मुले व तरुण ती घेऊन गाणी म्हणत, वाद्ये वाजवत घरोघरी फिरत. आम्ही झाडूचा दांडा घेतला. पेंढ्याचे डोके तयार झाले, अंगावर पांढरे फडके आले, आणि पोलिश घरातली एक मुलगी, जी एरवी फार थोडे बोलते, अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, “टीचर, हिला बुडवायचे कधी?”

वर्गात आधी हशा पिकला आणि मग खरोखरीच भांडण जुंपले. किल्डेअरच्या मुलांना हा ब्रीजचा अपमान वाटला. एकाने विचारले, “संतांना कुणी बुडवते का?” ती मुलगी मात्र मागे हटेना, पेंढ्याची बाई केली म्हणजे ती नदीत टाकायचीच, तिच्या आजीच्या गावी सगळी शाळा मिळून हे करते, असे तिचे ठाम म्हणणे होते. तिचेही बरोबरच होते. पोलंडमध्ये माझान्ना नावाची पेंढ्याची बाहुली हिवाळ्याचे रूप मानली जाते आणि वसंताच्या सुरुवातीला, हल्ली बहुधा २१ मार्चच्या सुमारास, मुले ती वाजतगाजत नदीवर नेतात, कधी पेटवतात आणि पाण्यात सोडतात. परतताना मागे वळून पाहायचे नाही, अशीही समजूत आहे. मी तिला पुढे बोलावून हे सगळे सांगायला लावले. मागे वळून न पाहण्याचा भाग येईपर्यंत किल्डेअरचा राग पार मावळला होता. आपल्याकडे असे काही भीतीदायक का नाही, अशी तक्रार सुरू झाली.

या प्रसंगावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पेंढा तोच, फडके तेच आणि ऋतूही जवळपास तोच, पण एक बाहुली दारातून आत घ्यायची आणि दुसरी गावाबाहेर घालवायची. दोन्ही प्रथा एकत्र कालवून ‘युरोपचा वसंतोत्सव’ करणे सोपे होते आणि तसे केले असते तर दोन्हींतला जीव गेला असता. म्हणून त्या दिवशी मी बाहुली एकच ठेवली, आणि ती ब्रीजच राहिली.

ती देवी की संत, हा प्रश्नही अपेक्षेप्रमाणे आलाच. कॅशेलचा राजा आणि बिशप कोर्मक मॅक क्विलेनान, ज्याचा मृत्यू ९०८ साली झाला, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शब्दकोशात ब्रिगिट ही कवींची देवी म्हणून येते आणि वैद्यक व लोहारकाम सांभाळणाऱ्या तिच्याच नावाच्या दोन बहिणीही येतात, एवढे मी सांगितले. तीन बहिणींचे नाव एकच असेल तर आई हाक कशी मारत असेल, या शंकेवर ती चर्चा संपली.

उरला होता तो ब्रीजला घरात घेतानाचा दारातला संवाद. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० हून अधिक मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आणि चालीरीती वह्यांत लिहून घेतल्या होत्या. त्या वह्या आता संगणकावर पाहता येतात, आणि कुणा शाळकरी मुलाने टाकाने लिहिलेले पान पाहिले की माझी मुले पुस्तकापेक्षा अधिक विश्वास ठेवतात. उत्तरेकडे डोनेगलसारख्या भागांत प्रथा अशी होती : घरातली एक मुलगी लव्हाळ्याची जुडी घेऊन बाहेर थांबते आणि म्हणते, “गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रीजला आत येऊ द्या.” आतले लोक म्हणतात, “तिचे स्वागत असो.” असे तीनदा होते. माझ्या माहेरी गौरी घेऊन उंबरठ्याबाहेर थांबलेल्या काकूंना आतून विचारत, “गौर आली, कशाच्या पावलांनी?” आणि त्या उत्तर देत, “सोन्यामोत्यांच्या पावलांनी.” या दोहोंत काही ऐतिहासिक नाते आहे असे मी मुळीच म्हणणार नाही, पण उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला किती वेळ थांबायचे हे मला कुणी शिकवावे लागले नाही, एवढे खरे.

बाहेर कोण थांबणार, असे विचारताच पहिला हात वर गेला तो त्या पोलिश मुलीचा. बाउरान थांबला, दार लोटले गेले आणि बाहेरून आयरिश भाषेतली ती हाक आली. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखी, दुसऱ्यांदा स्पष्ट, आणि तिसऱ्यांदा इतकी खणखणीत की समोरच्या वर्गाच्या शिक्षिका दार उघडून पाहायला आल्या. मग टिन व्हिसल वाजू लागल्या आणि ब्रीजोग सगळ्या वर्गांतून फिरून आली.

शाळा सुटताना त्या मुलीने मला विचारले, २१ मार्चला शाळा चालू असते का? मी मुख्याध्यापकांकडे विषय काढला तेव्हा नदीत काही टाकण्याची परवानगी मिळणार नाही, फार तर आवारात पाण्याचा टब भरून घ्या, असे ते म्हणाले. तिला हे सांगितल्यावर तिने पाणी वाहते असल्याशिवाय उपयोग नाही, असा निर्वाळा दिला. तेव्हा आता माझान्नाच्या बाहुलीला लांब दोरी बांधून लिफीत सोडायची आणि तशीच परत ओढून काढायची, असे ठरले आहे. पालकांच्या संमतीपत्रांचे कागद मी काल वाटले.