विशीतला बिशप

बिशप व्हायला चर्चच्या नियमाप्रमाणे तिशी गाठलेली असावी लागे. थॉमस अरुंडेलला १३७३ मध्ये इंग्लंडमधल्या ईलीचं बिशपपद मिळालं तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. वडील अरुंडेलचे अर्ल, खुद्द राजाला कर्ज देणारे; आई लँकेस्टर या राजकुळातली. वयाची अट आडवी आली नाही, यात नवल नाही.

रीत अशी होती: राजाच्या परवानगीने कॅथीड्रलचे भिक्षू निवड करत, पण पोपने थेट नेमलं की ती निवड बाद. पद रिकामं असेतोवर जमिनींचं उत्पन्न राजाकडे जाई. नव्या बिशपने निष्ठेची शपथ घेतली की ताबा मिळे.

घराण्याने दिलं ते घराण्यापायीच गेलंही. १३९६ मध्ये तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा दुसऱ्या रिचर्डने त्याच्या थोरल्या भावाचं डोकं उडवलं, याला हद्दपार केलं. पोपने त्याची बदली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला केली. खरी मेख इथे आहे. तेव्हा पोप दोन होते, एक रोमचा, दुसरा आविन्यॉंचा; स्कॉटलंड आविन्यॉंच्या पोपला मानत होतं, त्यामुळे रोमचा हुकूम तिथे चालतच नव्हता. पद कागदावर शाबूत, पण पाय ठेवायला जागा नाही!

१३९९ मध्ये तो पुढे चौथा हेन्री म्हणून राजा झालेल्या हेन्रीसोबत परतला आणि त्यानेच नव्या राजाला मुकुट घातला.