80 टक्के सूट, आणि एक झिजलेला नट

'एमआरपी 2,999, आज फक्त 599!' 46 नगांचा गोटी पाना सेट, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या गोट्या (सॉकेट) आणि त्या फिरवायचा दांडा. मागच्या महिन्यात भुललो. आज सकाळी बाइकची चेन ताणायला बसलो, मागच्या चाकाच्या नटाला 19 नंबरची गोटी लावली, जोर दिला आणि कट्! रॅचेटचे, म्हणजे त्या दांड्यातल्या एकाच दिशेनं फिरणाऱ्या चक्राचे, दातच घसरले. गोटीनं नटाचे कोपरे गोल केले ते वेगळंच. गॅरेजवाल्यानं नट बदलला, वर हसला.

मग डब्यावरचं लेबल वाचलं. एमआरपी छापणं कायद्यानं सक्तीचं, पण बहुतेक वस्तूंवर तो आकडा किती असावा हे कंपनीच ठरवते. म्हणजे 2,999 ला तो सेट कुणी कधी घेतला असेल का, देव जाणे. 'क्रोम व्हॅनेडियम' (चांगल्या पान्यांचं मजबूत पोलाद) हे शब्दही ठळक छापलेत. छापायला काय जातं?

संध्याकाळी पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेलो. एकच रिंग पाना घेतला, 18-19 चा. सूट मागितली तर दुकानदार काका म्हणाले, "दहा रुपये कमी द्या."

सेट फेकला नाही हं. त्यातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या बिटांनी स्विचबोर्ड मस्त उघडतो. 599 चा स्क्रू ड्रायव्हर!