मरळ शोधताना हरीण सापडलं

"मॅडम, इथे तर काहीच नाही."

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, प्राणिशास्त्राची मुलगी. फील्ड प्रोजेक्टसाठी तिने आपल्या गावच्या तलावातले मासे घेतले होते. सरांनी सांगितलं होतं, "आधी या विषयावर काय काम झालंय ते शोधून आण," म्हणून ती ग्रंथालयात आली. संगणकाच्या चौकटीत तिने देवनागरीत लिहिलं होतं: मरळ मासा गोंदिया तलाव. खाली एकही निकाल नव्हता.

गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एन-लिस्ट आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राची ही सेवा. वर्षाला ५ हजार रुपये आणि वर जीएसटी भरला की सहा हजारांवर नियतकालिकं आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तकं आपल्या मुलांसाठी उघडतात. एवढ्या पैशांत छापील नियतकालिकं किती आली असती, ते मी हिशेबाच्या वहीत पाहिलेलं आहे. म्हणून मी दरवर्षी जुलैत वर्गावर्गात जाऊन सांगते की आपला आयडी घ्या, पासवर्ड घ्या. बऱ्याच मुलांचा स्वतःचा ईमेल नसतो, घरात फोन एकच आणि तो भावाकडे. तिथपासून सुरुवात करावी लागते. तिचं खातं मात्र सुरू होतं. सगळं उघडं होतं आणि तरी हाती काही नव्हतं. हे मला जास्त लागलं.

मी म्हणाले, "रोमन अक्षरांत टाकून बघ." तिने मरळचं स्पेलिंग जसं सुचलं तसं टाकलं. निकालांची रांगच लागली आणि ती खूश झाली. मी दोन सारांश वाचले. ते मध्य आशियातल्या हरणांवरचे होते. तिकडच्या एका मोठ्या हरणाला 'मराल' म्हणतात. आपण ज्याला मरळ म्हणतो तो मासा त्या यादीत कुठेच नव्हता. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या तलावावर कोणी कामच नाही केलं," ती म्हणाली.

मुलं इथेच उठून जातात. यंत्राने नाही म्हटलं म्हणजे जगात नाही, असं त्यांना वाटतं. पण यंत्राला मासा माहीत नसतो, आपण दिलेला शब्द तेवढा माहीत असतो.

तिचे वडील त्या दिवशी बाजाराला आले होते आणि तिला सोबत न्यायला थांबले होते. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, पिशवी पायाशी ठेवून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. ढिवर समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं टाकणारे. मी त्यांना म्हटलं, "काका, जरा इकडे या. तुमची मदत पाहिजे." ते उठले, पण संगणकापासून दोन हात लांबच उभे राहिले. "मले काय समजते जी त्याच्यातलं," असं म्हणाले.

मी फिशबेस उघडलं. जगभरच्या माशांची ही मोफत सूची आहे आणि तिच्यात शास्त्रीय नावांबरोबर देशोदेशीची बोलीतली नावंही आहेत. मरळ कुळातल्या माशांची चित्रं एकेक करून समोर आणली. तिसऱ्या चित्रावर काका पुढे सरकले.

"हा त मोठा मरळ हाये. तलावातला. बोडीत राहाते तो हा नाई. तो लहान असते, अंगावर ठिपके राहाते त्याच्या."

बोडी म्हणजे छोटं तळं. पहिल्याचं शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा, मीटरभरापर्यंत वाढणारा. दुसरा चन्ना पंक्टाटा, वीतदीड वीत, खरोखरच ठिपक्यांचा. मुलीने दोघांनाही 'मरळ' या एकाच शब्दात धरलं होतं. काकांकडे दोघांना दोन नावं होती. ठिपक्यांच्या माशाचं ढिवरांमधलं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते आधी तिच्या अहवालात, तिच्या वडिलांच्या नावासह यायला हवं.

आता शब्द बदलून पुन्हा शोध घेतला. चन्ना स्ट्रायाटा, अवतरणचिन्हांत, म्हणजे दोन्ही शब्द सलग आलेलेच लेख मिळतील. निकालांची पानंच्या पानं आली. पण जवळजवळ सगळे लेख अलीकडच्या दशकांतले होते. इथे मी थोडी थांबले, कारण पुढचं मला एका जुन्या प्राध्यापकांकडून कळलेलं होतं. या माशाचं शास्त्रीय नाव पूर्वी वेगळं होतं: ओफिसेफॅलस. तेही कोणी ओफिसेफॅलस लिहायचं, कोणी ओफिओसेफॅलस. फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात आला, त्यात हा जुन्याच नावाने आहे. नवं नाव टाकून जुनं काम मिळत नाही. म्हणून तिन्ही नावं लिहिली आणि मध्ये 'ऑर' टाकलं, म्हणजे यांतलं कोणतंही एक नाव असलेले लेख येतील. यादी मागे मागे सरकत गेली. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची, १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेची, 'रेकॉर्ड्स' ऑनलाइन मोफत आहेत. त्यांतही तिला वाचण्यासारखं निघालं.

मागुर या माशाचीही तीच गत. भारतातल्या मागुरला कितीतरी वर्षं क्लेरियस बॅट्रॅकस म्हणत आले. ते नाव खरं जावातल्या माशाचं, आपला तो क्लेरियस मागुर. तिथेही दोन्ही नावं टाकावी लागली.

माशांचं जमलं, मग गावाचं. तिने सगळीकडे 'गोंदिया' लिहिलं होतं. मी विचारलं, "गोंदिया जिल्हा कधी झाला?" तिला माहीत नव्हतं. काका म्हणाले, "आमच्या लग्नाच्या येळेस भंडाराच होता." १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याआधी कोणी इथल्या तलावावर काही लिहिलं असेल तर ते भंडाऱ्याच्या नावाने. त्याच्याही आधीचं मध्य प्रांताच्या नावाने. नवेगाव बांध हा तलाव घ्या. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी त्याची कथा इथल्या घराघरांत सांगतात. इंग्रजीत त्याचा 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू. मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, त्यातल्या 'ज'चा कुठे जे, कुठे झेड. एकेका अक्षरापायी अख्खं काम नजरेआड जातं.

मग ढिवर. हा शब्द शोधला तर थोडंच मिळालं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात हा समाज 'धीमर' नावाखाली आहे. पान उघडून मी काकांना मराठीत सांगत गेले. मासेमारी, पालख्या वाहणं, तलावात शिंगाडा लावणं. शिंगाड्यापाशी ते म्हणाले, "लावत होते जी. माहा आजा लावे." मग बराच वेळ बोलले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं होतं आणि ते त्यांच्यापर्यंत आज, बाजाराच्या दिवशी, योगायोगाने पोहोचलं होतं. लिहिणाऱ्याची नजर साहेबी होती, तेही मी त्यांना सांगितलं. ते वाचताना सावधच राहायला हवं.

साडेतीनला वीज गेली. इन्व्हर्टरवर एकच संगणक चालतो, त्याच्याभोवती आम्ही तिघं बसलो.

मरळाच्या प्रजननावरच्या एका लेखाचा सारांश मुलगी वाचत होती. नर-मादी पिल्लांची राखण करतात, पिल्लं नारिंगी-लाल असतात आणि थव्याने पृष्ठभागाशी फिरतात. ती अडखळत मराठी करून सांगत होती. काका मध्येच म्हणाले, "मंग! लाल पिल्लं वर आले का आमी तिथं जाळं नाई टाकत. मायबाप खालीच राहाते." पुढे स्वतःहून सांगू लागले. तलाव आटला तरी हा मासा चिखलात दबून जिवंत राहतो, उन्हाळ्यात कुठे खणायचं, पहिल्या पावसात कुठून चढतो. मुलगी वाचायची थांबली आणि लिहायला लागली. तिच्या घरात जेवताना रोज बोललं जाणारं हे ज्ञान तिला पहिल्यांदाच 'अभ्यास' म्हणून दिसत होतं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "हेही संदर्भच आहेत. तारीख घाल, वडिलांचं नाव घाल."

तो लेख मात्र पुरता उघडला नाही. आमच्या वर्गणीत तो नव्हता. पैसे भरा, असा फलक आला. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला संशोधन नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं. योजना चांगलीच आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, आणि विदर्भातल्या खेड्यांत शिकवणारी बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांनी चालवलेली अनुदानित. त्या फलकासमोर बसलेली मुलगी शहरातल्या मुलापेक्षा कशात कमी आहे, हा प्रश्न मला मनापासून विचारायचा आहे. आम्ही त्या लेखकालाच ईमेल केला. तिच्या आयुष्यातला पहिला इंग्रजी ईमेल, चार ओळींचा. तिसऱ्या दिवशी लेखाची प्रत आली.

शोधगंगा या संकेतस्थळावर आपल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत मिळतात, तेही दाखवलं. तिथे एक अडचण आहे आणि ती मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी. जुने मराठी प्रबंध बहुतेकदा युनिकोड या आजच्या अक्षरपद्धतीआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला नाही. तिथे शोधचौकट काही कामाची नाही, अनुक्रमणिका उघडून वाचत बसावं लागतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्या दिवशी एका मुलीसाठी साडेचार तास गेले. मला त्यात सूत्र मोडल्यासारखं वाटत नाही. दर वेळी हरणांची यादी बघून उठून जाण्यात तिचा जो वेळ गेला असता, तो वाचला.

निघण्याआधी तिच्या वहीत आम्ही तीन रकाने आखले. पहिल्यात बाबा म्हणतात ते नाव, दुसऱ्यात आजचं शास्त्रीय, तिसऱ्यात जुनं. काकांनी वही हातात घेऊन पहिला रकाना नीट पाहिला. ते सातवीपर्यंत शिकलेले. एका नावात ळच्या जागी ल झाला होता, तो त्यांनी बोट ठेवून दुरुस्त करून घेतला.

सोमवारी ती पुन्हा आली. पहिल्या रकान्यात आणखी अकरा नावं होती, रात्री बसून वडिलांनी सांगितलेली. पुढचे दोन्ही रकाने कोरे. मी खिडकीजवळचा संगणक सुरू केला.