घोडीसाठी पप्पांना पटवताना

‘म्हैस दूध देते. घोडं काय देणार?’ कसबा बावड्यातल्या आमच्या घरात घोडीचा विषय निघाला की पप्पांचा हा एकच सवाल. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. म्हणून तो वादच सोडून दिला.

पन्हाळ्यावर एकदा घोड्यावर बसले की हिची हौस फिटेल, असं आईला वाटायचं. उलट वाढली. मग ओळखीच्या काकांच्या तबेल्यात सकाळी जायला लागले, बसायला नाही. लीद काढायला, खरारा करायला. सगळ्यात किचकट काम खूर साफ करायचं. पाय उचलून धरायचा आणि आकडीनं टाचेकडून पुढं माती काढत यायचं, मधल्या त्रिकोणी मऊ भागाला न दुखवता. तिथं ओल राहिली की कुजतं, घाण वास सुटतो. तो वास हाताला घेऊन घरी आले, तेव्हा आई पहिल्यांदा ‘पडशील गं’ऐवजी ‘आधी आंघोळ कर’ म्हणाली.

पप्पा वळले ते वैरणीवरून. ‘वाडं आहेच की गोठ्यात,’ असं सहज बोलून गेले. म्हटलं, पप्पा, उसाच्या वाड्यावर घोडं नाही भागत. त्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं कमजोर होतात. म्हैस रवंथ करते, तिला खपतं. घोड्याला तर ओकताही येत नाही. बुरशीचा कडबा खाऊन पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. 400 किलोच्या घोडीला रोज 8 किलोच्या आसपास कोरडा चारा, तोही थोडा थोडा, दिवसभर. म्हशी सांभाळण्यात हयात गेलेला माणूस चाऱ्याच्या गोष्टीवर गप्प कसा बसेल? जेवणं थंड झाली त्या रात्री.

मग खरी अडचण बाहेर आली. घोडं 25-30 वर्षं जगतं, बारावीनंतर ही पुण्याला गेली तर? मी कोल्हापुरातच शिकायचं कबूल केलं. (पुण्याची मला फारशी ओढ नव्हतीच, पण हे घरी बोलले नाही.) नालबंद, धनुर्वाताची लस, डॉक्टर असा खर्चही वहीत मांडून दिला.

आता ठरलंय ते असं : काकांची म्हातारी घोडी हा पावसाळा आमच्या गोठ्यात. इथल्या पावसात तिचे खूर चांगले राखून दाखवले, तर दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारात ‘नुसतं बघायला’ जायचं. शब्द पप्पांचे. पण परवा गोठ्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी मुरूम टाकून घेतलाय, आणि आबा घोड्याच्या अंगावरचा केसांचा कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ, हे सांगून सगळ्यांचं डोकं खातायत.