आमची वाटचाल: घड्याळाकडून तिथीकडे

आमचं ऑफिस म्हणजे घराच्या पडवीतलं एक टेबल. त्यामागे भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी आजची तिथी लिहिली जाते आणि खाली भरतीची नि सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ. नवीन पाहुण्यांना वाटतं, घरात कसलं तरी व्रत चालू असावं. एका काकूंनी तर उपवासाचं जेवण मिळेल का, असंही विचारलं होतं.

2005 च्या दिवाळीत आम्ही मालवणजवळच्या देवबागच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं आमचं गाव. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तारकर्लीपर्यंत आलेली माणसं हळूहळू पुढे देवबागपर्यंत यायला लागली होती. आई मासे छान करायची, बाबांची होडी होती. धंदा म्हणावा तर एवढाच.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असायचा: "अजून काय आहे बघायला?" मग मी एक कागद छापून घेतला. सकाळी आठला डॉल्फिन, दहाला किल्ला, दुपारी दोनला खाडी-समुद्राचा संगम, चारला त्सुनामी आयलंड. शाळेच्या वेळापत्रकासारखा. पुण्या-मुंबईच्या लोकांना तो फार आवडायचा आणि मलाही स्वतःचा अभिमान वाटायचा.

तो कागद फाडायची वेळ 2007 च्या डिसेंबरात आली. दत्तजयंतीची पौर्णिमा, नाताळची गर्दी. दोन कुटुंबं घेऊन मी वेळापत्रकाप्रमाणे बरोबर चारला त्या वाळूच्या बेटावर होडी लावली. हे बेट 2004 च्या त्सुनामीनंतर वर आलं असं गावात सांगतात. पोरं पाण्यात खेळली, फोटो झाले. निघायला वळलो तर होडी वाळूत बसलेली. आम्ही चौघांनी रेटा दिला, हलली नाही. पाणी डोळ्यांदेखत मागे चाललं होतं. आठ माणसं, त्यांत एक सत्तरीच्या आजी, आणि सूर्य बुडायला आलेला.

बाबांना फोन केला. आधी दोन क्षण काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, आज पुनव. दुपारी बाराक भरती, सांजेक सुकती. ह्यां तुका कोणी शिकवूक होया काय?"

ते खोल पाण्याच्या बाजूने छोटी होडी वल्हवत आले, ते थर्मासमध्ये चहा घेऊनच. आजींना त्यांनी पहिल्या खेपेत नेलं. बाकीचे आम्ही चंद्र वर आल्यावर, आठच्या सुमारास पाणी चढल्यावर सुटलो. त्या रात्री एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही, उलट चांदण्यातलं बेट बघायला मिळालं म्हणून खूश होते. मला मात्र जेवण गेलं नाही.

बाबांचा हिशोब सोपा आहे आणि आमच्या किनाऱ्यावर बहुतेक कोळ्यांना तो तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा, ढोबळमानाने बारा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण दिवस आखायला पुरतो. आता बुकिंगचा फोन आला की आम्ही आधी तारीख विचारतो, ती पंचांगात बघतो आणि मगच काय कधी करायचं ते सांगतो. अष्टमीच्या आसपास आलात तर बेट भर दुपारी उघडं असेल, टोपी आणा. पौर्णिमेला आलात तर सकाळी लवकर उठा.

डॉल्फिनचं तिथीशी काही नाही, वाऱ्याशी आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो तेव्हा पाणी सपाट असतं आणि पाठीवरचा पर लांबून दिसतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटांत काय डॉल्फिन आणि काय फेस, काही कळत नाही. दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही. त्यावरून पैसे परत मागणारेही भेटलेत. पाठलाग मात्र करत नाही. मशीन बंद करून थांबायचं, यायचे असतील तर ते येतात.

स्कूबा आमच्याकडे नंतर आलं. धाकट्या भावाने रीतसर प्रशिक्षण घेतलं. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक धरूनच असतो. अडचण होते ती कानांची. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, की कानातला दाब सुटतो. हे काठावर दहा वेळा करून घेतल्याशिवाय भाऊ कुणालाही पाण्यात उतरवत नाही. पाणी नितळ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून हे आम्हाला फोनवरच सांगावं लागतं: डायव्हिंगनंतर निदान बारा तास विमानात बसायचं नाही, आम्ही तर अठरा सांगतो. लगेच आंबोलीचा घाट चढायचीही घाई नको. शेवटच्या दिवसासाठी किल्ला उत्तम. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उन्हं चढायच्या आत बघावा. चारही बाजूंना खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी गोडं कसं, यावर प्रत्येक वाटाड्याचं वेगळं मत असतं. सगळी ऐकावीत.

पाहुण्यांना सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढून घेणं. तिचं तिकीट नाही, वेळ नाही. किनाऱ्यावर दोरी ओढायला माणसं जमलेली दिसली की आम्ही खोल्यांची दारं वाजवतो. बूट काढून, पँट दुमडून दोरीला हात लावायचा. जाळं जवळ आलं की आतलं पाणी चमचमायला लागतं. मागे नाशिकच्या एका सातवीतल्या मुलीने तासभर दोरी ओढली. रापणकारांनी तिच्या हातात चार बांगडे ठेवले. ते तिने आईला तळू दिले नाहीत, संध्याकाळपर्यंत बादलीत घालून बसली.

लॉकडाऊन आणि लगोलग मे 2021 चं तौक्ते वादळ, ही दोन वर्षं कशी काढली ते लिहीत नाही. पत्रे उडाले, एक होडी गेली, कर्ज अजून थोडं आहे. खोल्या आता पाच आहेत. सहावी बांधा असं सगळे सांगतात, पण आईच्या स्वयंपाकघरातून एका वेळी वीस पानांच्या वर जेवण नीट निघत नाही. म्हणून नाही बांधली.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि पाण्यातलं सगळं बंद. तरी जुलैत फोन येतात. परवाच एकांनी विचारलं, सप्टेंबरात दुसऱ्या शनिवारी बेट किती वाजता मिळेल? मी पंचांग उघडेपर्यंत बाबांनी आतूनच वेळ सांगितली.