वजा ४६ वर अडलेला पॉवर मीटर

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या कामासाठी मी एडी ८३०७ या लॉग डिटेक्टर चिपवर (सिग्नलच्या डेसिबलच्या प्रमाणात व्होल्टेज देणारी चिप) रेडिओ सिग्नलची ताकद मोजणारा आरएफ पॉवर मीटर बांधला. ही चिप वजा ७५ ते अधिक १७ डीबीएमपर्यंत (एक मिलिवॅट म्हणजे शून्य धरून डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली पॉवर) मोजते आणि दर डीबीला साधारण २५ मिलिव्होल्ट देते. माझा मीटर मात्र इनपुट मोकळं असतानाही वजा ४६ च्या खाली उतरेना.

अशा वेळी चिप डुप्लिकेट निघाली असं वाटतं, पण बदलण्याआधी तिचा चढ, म्हणजे दर डीबीला व्होल्टेज किती बदलतं ते, तपासून घ्यावा. मी सिग्नल जनरेटरवरून ७ मेगाहर्ट्झवर शून्य डीबीएम दिलं आणि सिग्नल कमी करणारे दहा-दहा डीबीचे अॅटेन्युएटर चढवत गेलो. वजा ३० पर्यंत दर पायरीला बरोबर अडीचशे मिलिव्होल्ट उतरत होते. वजा ४० वरून ५० वर जाताना जेमतेम १४०, आणि त्याखाली फक्त ३०. वरचा भाग इतका सरळ, म्हणजे चिप शाबूत होती. खालच्या टोकाला परका सिग्नल मिसळत होता.

इनपुट ५० ओहमच्या टर्मिनेशनने (टोक बंद करणाऱ्या रेझिस्टरने) बंद केलं तरी आकडा ढिम्म हलला नाही. म्हणजे घुसखोरी कनेक्टरमधून नव्हती. मीटरला सप्लाय देणारा चार्जर काढून ९ व्होल्टची बॅटरी आणि ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावला, तर वजा ५३. डिस्प्लेचा बोर्ड सोडवून आउटपुट नुसत्या मल्टिमीटरवर पाहिलं, तर वजा ६२. तिथला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याच्या हार्मोनिक्स (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) थेट चिपमध्ये शिरत होत्या. उरलेला आकडा हात जवळ नेला की बदलायचा, कारण ही चिप ५०० मेगाहर्ट्झपर्यंत जे येईल ते मोजते. पुण्यात आकाशवाणीचं १०१ मेगाहर्ट्झ तिला माझ्या ७ मेगाहर्ट्झइतकंच आपलं!

खरं काम इथून पुढे होतं. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून डबी केली. त्यावर कथलाचा थर असल्यामुळे सोल्डर सुरेख धरतं. चिप एका कप्प्यात, डिस्प्लेचा बोर्ड पत्र्याच्या भिंतीपलीकडे. सप्लाय आणि आउटपुटच्या तारा १००० पिकोफॅरडच्या फीड-थ्रू (पत्र्यातून आरपार बसणाऱ्या) कपॅसिटरमधूनच आत नेल्या. झाकण नुसतं दाबून बसवलं तेव्हा वजा ६८ मिळाले, चारही कडा सोल्डर केल्यावर वजा ७३. झाकणाची फट कुणी हलक्यात घेऊ नये, असं मी प्रत्येक नव्या हॅमला सांगतो.

इनपुट एकूण ५० ओहमचा होण्यासाठी चिपच्या १.१ किलोओहमशी समांतर ५२.३ ओहम लागतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो मिळाला नाही. ५६ आणि ८२० समांतर जोडले की ५२.४ होतात, भागतं.

वरच्या टोकाला पाच वॅटचा ट्रान्समीटर, म्हणजे अधिक ३७ डीबीएम, थेट जोडला तर चिप जळेलच. त्यासाठी ट्रान्समीटरच्या लाइनवरून ८२० ओहमचे तीन रेझिस्टर सीरिजमध्ये आणि मीटरच्या टोकाला ५१ ओहम ग्राउंडला घेऊन ४० डीबीचा टॅप केला, म्हणजे सिग्नलचा फक्त छोटा हिस्सा मीटरकडे वळवला. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) स्कोपमध्ये ४४.७ व्होल्ट पीक-टू-पीक दिसले, म्हणजे पुरते पाच वॅट. त्याच वेळी मीटरवर ३७ उणे ४०, म्हणजे वजा ३ होते.